तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

ताईच्या डिस्चार्ज पेपरवर एक ओळ होती, पेशंट घरी जायला फिट आहे. खाली सही, शिक्का, तारीख. मी ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून तीनदा वाचली आणि मला चक्क हसायला आलं, कारण पेशंट फिट होता पण घर कुठे फिट होतं? तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४८ पायऱ्या, आणि जिन्याच्या वळणावर एवढी चिंचोळी जागा की कपाट चढवताना त्याचे पाय सोडवावे लागले होते. ताईच्या मणक्याला मार लागलेला, कमरेखाली काही जाणवत नाही, आणि व्हीलचेअर आता कायमची हे आमच्या सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं. आम्ही आपले अजून "फिजिओने फरक पडेल" म्हणत होतो.

"तात्पुरतं बघू काहीतरी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नॉर्मल होता, पावसात छत्री विसरल्यावर म्हणतो ना तसं. मग आईने तेच म्हटलं, मी म्हटलं, फोनवर नातेवाईक म्हणाले. ताई एकटीच काही बोलली नाही. ते तात्पुरतं पुढे १४ महिने चाललं, चार जागा झाल्या.

पहिली जागा खरं तर हॉस्पिटलमध्येच होती. रिहॅब विभागात एक सरावाचा फ्लॅट ठेवलेला असतो बऱ्याच ठिकाणी, एक खोली, ओटा, बाथरूम, दोन रात्री पेशंट आणि घरचं एक माणूस तिथे राहणार आणि नर्स हाक मारल्याशिवाय येणार नाही. मला वाटलं हे काय लुटुपुटूचं घर. पण आधीच्या दोन महिन्यांत वॉर्डमध्ये जे कळलं नव्हतं ते त्या दोन रात्रींत कळलं. बेडवरून खुर्चीत यायला ताईला २० मिनिटं लागतात. लाईटचं बटण बेडवरून हाताला लागत नाही. खाली पडलेला फोन म्हणजे दुसऱ्या गावाला गेलेला फोन. आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण जिथे जाणवत नाही तिथे कातडी दुखत नाही, सरळ जखमच होते, तर अलार्म लावून उठायचं, म्हणजे मी उठायचं. सकाळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडम (रोजची कामं परत जमवायला शिकवतात त्या) आल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरच्या बाथरूमचं दार किती रुंद आहे?" २२ वर्षं त्या घरात राहिलोय आम्ही. कुणालाच सांगता येईना.

त्या दिवशी मी मेजरिंग टेप विकत घेतली आणि पर्समध्ये टाकली, ती अजून तिथेच आहे.

मापं मला आता पाठ आहेत, झोपेत विचारा. ताईची खुर्ची बाहेरून बाहेर ६४ सेंटीमीटर, पण चाक ढकलणारे हात त्याच्याही बाहेर येतात, म्हणून दार मोकळं ८० तरी हवं, ९० असेल तर सोन्याहून पिवळं. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाचा गोल लागतो. कमोड खुर्चीच्या सीटएवढ्या उंचीचा पाहिजे, म्हणजे साधारण ४५ ते ४८ सेंटीमीटर, आणि एका बाजूला खुर्ची लावायला जागा, नाहीतर ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीतून कमोडवर सरकणं, कसा करणार? रॅम्पचा हिशोब एकास बारा, जेवढी उंची चढायची त्याच्या बारापट लांबी. हा शेवटचा हिशोब घरं दाखवणाऱ्या लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. सगळे फोनवर म्हणायचे, "ग्राउंड फ्लोअरच आहे हो, फक्त दोनच पायऱ्या." दोन पायऱ्या म्हणजे ३२ सेंटीमीटर धरा, बारा बत्तीसं ३८४, म्हणजे जवळजवळ चार मीटर रॅम्प, एक अख्खी गाडी उभी राहील एवढा. तो घालायचा कुठे? मग समोरचा उदारपणे म्हणणार, "अहो त्यात काय, दोघं जण उचलून नेतील की." ताई यावर एकदाच बोलली, म्हणाली, मी काय फ्रीज आहे?

तर मग दुसरी जागा, चुलत दादाचं घर. तळमजला, आणि दादा-वहिनींनी स्वतःहून विचारलेलं, त्यांची मुलीची खोली त्यांनी रिकामी करून दिली. त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट लिहायचा नाहीये मला. पण बाथरूमचं दार उघडून मोकळी जागा ६१ सेंटीमीटर. मग सुताराला बोलावून ऑफसेट बिजागऱ्या बसवल्या, त्यांनी दार पूर्ण उघडल्यावर वाटेतून बाजूला जातं, दाराच्या जाडीएवढी जागा परत मिळते, चार सेंटीमीटर. ६१ चे ६५ झाले. ६४ ची खुर्ची ६५ मधून जाते हे गणितात बरोबर आहे, बोटांच्या पेरांना विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल. आत गेल्यावर वळायला जागा नाहीच, म्हणजे सरळ जायचं आणि मागे मागे यायचं, आणि ते करताना बाहेर कुणीतरी उभं पाहिजे.

हे "कुणीतरी उभं पाहिजे" फार महागात पडलं. ताईने पाणी प्यायचं कमी केलं. कुणाला सांगितलं नाही, आम्हाला दिसलं पण नाही, प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने दिलं असेल. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वापरणाऱ्या माणसाने पाणी कमी प्यायलं की इन्फेक्शन पाळत ठेवूनच असतं. ताप, थंडी, परत ॲडमिट, सहा दिवस. डॉक्टरांनी विचारलं दिवसात पाणी किती पिता, तर ती खिडकीकडे बघायला लागली. वहिनी बिचारी रडली, तिला वाटलं आपण कमी पडलो. कमी पडला होता दरवाजा.

आणि अजून एक गोष्ट, जी टेपने मोजता येत नाही. त्या घरात ताई दिवसाला किती वेळा थँक्यू म्हणायची ते मी एकदा मोजायला लागले आणि अर्ध्या तासात सोडून दिलं. पंखा कमी कर ना प्लीज, थँक्यू. ते दार थोडं ओढून घेतेस का, थँक्यू. ताई म्हणजे आमच्याकडे भांडणाला पहिली. ती अशी गोड बोलायला लागली की समजायचं काहीतरी फार बिघडलंय.

म्हणून तिसरी जागा. एक निवासी केंद्र, खास अपंग व्यक्तींसाठी बांधलेलं, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी मी तिथे टेप काढली आणि पाच मिनिटांत परत ठेवली, मोजायला काही उरलंच नव्हतं. दारं रुंद, उंबरे नाहीत, बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना भक्कम बार, भिंतीत बोल्ट मारलेले (ते सक्शनचे चिकटवायचे बार मिळतात ना, त्यांच्यावर कधीही शरीराचं वजन टाकू नका, ते टॉवेल वाळत घालायला ठीक आहेत). बेडजवळ बेल. ऐकू न येणाऱ्या एका बाईंच्या खोलीत बेल वाजली की दिवा उघडझाप व्हायचा आणि उशीखाली थरथरणारा अलार्म. एका ऑटिस्टिक मुलाच्या खोलीत ट्यूबलाईट बदलून दुसरे दिवे लावलेले, कारण ट्यूबच्या गुणगुणण्याने तो हैराण व्हायचा, तो काही दिवसांसाठीच यायचा, त्याच्या आईवडिलांना झोप मिळावी म्हणून. मला तोवर वाटायचं अपंगांसाठी घर म्हणजे रॅम्प. तिथे कळलं की एकाला जे घर उघडं वाटतं ते दुसऱ्याला बंद असू शकतं, ज्याला दिसत नाही त्याला तुमचा दीड मीटरचा गोल घेऊन काय करायचंय, त्याला खुर्ची कालच्या जागी पाहिजे, बस.

आई त्या रात्री दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग सात तास झोपली. हे पण खरंय आणि लिहिलंच पाहिजे.

मग हळूहळू बाकीचं कळत गेलं. साडेनऊला लाईट बंद. आंघोळ एक दिवसाआड, आणि कुणी विचारलं तर "आज तुमचा वार नाही". खोलीला आतून कडी नाही, सुरक्षिततेसाठी. त्यामुळे कुणीही कधीही आत, सफाईवाली, नर्स, चादर बदलणारे, देणगीदारांना केंद्र दाखवत फिरणाऱ्या मॅडम, ताई कपडे बदलत असली तरी. आणि ते लोक दुष्ट नव्हते हो. रात्री ३२ लोकांमागे दोन कर्मचारी. दोघांनी सगळ्यांना झोपवायचं तर पहिल्याला साडेसातलाच आडवं करायला लागणार, ते वेळापत्रक क्रूरपणातून नाही, भागाकारातून आलं होतं. मी एकदा ऑफिसात जाऊन तावातावाने बोलले, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी कुणाला उशिरा झोपवू?" मला उत्तर आलं नाही.

शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते. तात्पुरते आलेले. ११ वर्षं झाली होती त्यांना.

त्या दिवसांत मी रात्र रात्र वाचत बसायचे, झोप येत नव्हती तर निदान काहीतरी करू म्हणून. आणि वाचताना दिसलं की आमच्या घरातली गोष्ट आधी खूप जणांच्या घरात होऊन गेलीय. इंग्लंडमध्ये १९४८ मध्ये लेनर्ड चेशर नावाच्या, युद्धात वैमानिक असलेल्या माणसाने एका मरणासन्न माणसाला स्वतःच्या घरी आणलं, का तर हॉस्पिटल ठेवून घेणार नाही आणि जायला दुसरी जागा नाही. म्हणजे आमचाच डिस्चार्ज पेपर. त्या घराचं नाव ल कोर्ट, त्यातून पुढे जगभर निवासी केंद्रं उभी राहिली, चांगल्या मनाने उभी राहिली. आणि त्याच ल कोर्टमध्ये पुढच्या काही वर्षांत राहणारे लोक भांडायला लागले, कशावरून, तर झोपायची वेळ आम्ही ठरवणार यावरून! वाचताना मी जोरात "हो!" म्हणाले, बाबा दचकून उठले. तिथेच राहिलेल्या पॉल हंटने १९७२ मध्ये पेपरला पत्र लिहून संस्थांमध्ये अडकलेल्या अपंग लोकांना एकत्र यायला सांगितलं आणि त्यातून संघटना झाली. नंतर ल कोर्टच्याच काही जणांनी हिशोब मांडला की आमच्यासाठी संस्थेला जे पैसे दिले जातात तेच आम्हाला द्या, आम्ही बाहेर घर घेऊ आणि मदतीला माणसं आम्ही ठेवू. आणि गेले पण बाहेर.

ही शेवटची गोष्ट माझ्या डोक्यात घुसून बसली. कारण तोपर्यंत आम्ही घर आणि मदत एकत्रच शोधत होतो. एका पॅकेटमध्ये. जिथे छप्पर मिळेल तिथेच उचलणारी माणसं मिळाली पाहिजेत, आणि जिथे माणसं आहेत तिथेच राहिलं पाहिजे. मग मदत बदलायची तर घर सोडा आणि घर बदलायचं तर मदत सोडा, अशी गाठ. दादाकडे ताईला वहिनीवर चिडता येत नव्हतं, कारण वहिनी म्हणजेच छप्पर. केंद्रात नर्सवर चिडता येत नव्हतं, कारण नर्स म्हणजेच केंद्र.

नेदरलँड्समध्ये याच्या दोन पायऱ्या दिसतात. (पायऱ्याच म्हणावं लागतंय, काय करणार.) १९६२ मध्ये तिथे टीव्हीवर सलग २३ तास कार्यक्रम करून पैसे गोळा केले, मीस बाउमन नावाच्या बाईंनी तो चालवला, लोकांनी काड्यापेटीत नाणी भरून दिली, आणि अर्नेममध्ये अपंग लोकांसाठी एक आख्खं गाव उभं राहिलं, नावच हेट डॉर्प, म्हणजे गाव. त्या काळात मोठीच गोष्ट, वॉर्डातल्या कॉटवरून लोक स्वतःच्या खोलीत आले. पण गाव म्हणजे शेवटी वेगळं गावच. त्याच सुमाराला स्वीडनमध्ये ब्रॅटगार्ड नावाचे प्राध्यापक, स्वतः व्हीलचेअरवर, त्यांनी फोकस नावाने उलटी कल्पना काढली: साध्या बिल्डिंगमध्ये, साध्या शेजाऱ्यांच्या मधे काही फ्लॅट सोयीचे करायचे, आणि त्याच भागात मदतनीस २४ तास, पण बोलावलं तरच येणार. पुढे नेदरलँड्समध्येही याच नावाने अशी घरं झाली, एका वस्तीत साधारण १२-१५, विखुरलेली. मी ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे बेल माझ्या हातात. एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर केंद्रात तिला एक गोष्ट अशी मिळाली जी बाकी कुठेच मिळाली नसती. तिथे एक मुलगी होती, ताईसारखीच दुखापत, नऊ वर्षं जुनी. बेडवरून खुर्चीत २० मिनिटांचं काम तिने ताईला चार मिनिटांवर आणून दिलं, कुठला हात कुठे, डोकं कुठल्या दिशेला टाकायचं. फिजिओ शिकवतात ते बरोबरच असतं पण त्यांच्या पायात जीव असतो. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स नावाच्या विद्यार्थ्याचं असंच झालं होतं. पोलिओमुळे त्याला श्वास घ्यायला आयर्न लंग लागायचं, साडेतीनशे किलोहून जड मशीन, बर्कली विद्यापीठाच्या होस्टेलच्या कुठल्या खोलीत ते मावणार, म्हणून १९६२ मध्ये त्याला कॅम्पसवरच्या कॉवेल हॉस्पिटलात ठेवलं. सोय म्हणून. मग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी तिथे आले, हॉस्पिटलचा मजला होस्टेल झाला, रात्री गप्पा, भांडणं, प्लॅन, आणि १९७२ मध्ये त्यांच्यातूनच स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र निघालं जे लोकांना घर शोधायला, मदतनीस शोधायला आणि खुर्ची दुरुस्त करायला मदत करायचं. मला यातला हॉस्पिटलचा भाग सगळ्यात आवडतो. एकटा असता तर तो नुसता पेशंट राहिला असता.

पण सगळी तात्पुरती घरं अशी नशिबाची नसतात. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत बेघर लोकांना राहायला ट्रेलर दिले, चाकांवरची घरं. त्यांना चढायला पायऱ्या. म्हणजे घराला चाकं आहेत आणि चाकांवरचा माणूस बाहेर! लोकांना कोर्टात जावं लागलं, २००६ मध्ये तडजोड होऊन सोयीचे ट्रेलर द्यायचं ठरलं. जपानमधल्या कोबेचं वेगळंच. १९९५ चा भूकंप, तात्पुरती घरं बांधली आणि म्हातारे, अपंग यांना आधी दिली. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? पण झालं असं की ज्यांना शेजाऱ्याची सगळ्यात जास्त गरज ते सगळे आपापल्या शेजाऱ्यांपासून तुटून लांब कुठेतरी एका जागी जमा झाले, आणि एकमेकांना ओळखत नव्हते. त्या घरांमध्ये दोनशेहून जास्त माणसं एकटी, कुणाला न कळता गेली. दोन वर्षांसाठी म्हणून उभारलेली ती घरं पूर्ण रिकामी व्हायला २००० साल उजाडलं.

२००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात १९ वं कलम आहे, कुठे राहायचं आणि कुणाबरोबर हे निवडायचा हक्क इतरांएवढाच, आणि ठरावीक प्रकारच्या जागीच राहा अशी सक्ती नाही. मी त्याची प्रिंट काढून ताईला दिली. तिने ती खुर्चीच्या मागच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, छान आहे, आता घर शोध.

चौथी जागा मिळायला अजून चार महिने गेले. तळमजला, भाड्याचा, बाहेर एकच पायरी १५ सेंटीमीटरची, बाथरूमचं दार ८२. घरमालक आजोबांची अट एकच, भिंतीत काही ठोकायचं नाही. मग सगळं सुटं. ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प, १८० सेंटीमीटर. कमोडभोवती उभी राहणारी फ्रेम. बाथरूमच्या उंबऱ्यावर रबराचा उतार. पलंगाच्या पायांखाली ठोकळे, सीटच्या उंचीला आणायला. दाराबाहेर नंबर लावून उघडायची छोटी पेटी, तिच्यात किल्ली, आणि नंबर कुणाला द्यायचा ते ताई ठरवणार. उद्या जागा सोडायची तर एका टेम्पोत सगळं मावेल. मदतीला सकाळी दोन तास आणि रात्री एक तास एक ताई यायला लागल्या, त्यांना महिन्याभरात आमच्या ताईने काढून टाकलं, फोनवर फार बोलतात म्हणून. आईचा जीव वर-खाली, म्हणाली अगं मिळत नाहीत माणसं, कशाला काढलंस. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. १४ महिन्यांनी ती कुणावर तरी नीट चिडली होती. तीन दिवस तिचे हाल झाले, आम्ही पाळी लावून गेलो, मग दुसऱ्या बाई मिळाल्या, त्या पण फोनवर बोलतात पण ताईला त्यांचे विषय आवडतात.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसातून सरळ तिच्याकडे गेले. पेटी उघडली, किल्ली काढली, दार उघडून आत, नेहमीसारखं. ताई खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेली. तिने वर बघितलं सुद्धा नाही.

"बाहेर जा," म्हणाली.

"काय झालं?"

"बाहेर जा, दार लाव आणि बेल वाजव."

मला आधी वाटलं गंमत करतेय. मग केंद्रातली ती बिनकडीची खोली आठवली, आणि हेही आठवलं की मी तिथे रोज संध्याकाळी जायचे आणि एकदाही, एकदाही दार वाजवलं नव्हतं. देणगीदार मॅडमवर मात्र मी चिडले होते.

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं, किल्ली पेटीत ठेवून नंबर फिरवला आणि बेल दाबली. आतून काहीच नाही. परत दाबली. आत खुर्चीचा आवाज आला, मग थांबला. रॅम्पवर उभी राहिलं की पोटऱ्या ओढल्या जातात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चांगली दोन मिनिटं गेली असतील.

"कोण आहे?" आतून आवाज आला.